पाणी तोडणे चुकले का? अवकाळी पावसानंतर तडकलेल्या द्राक्षमण्यांचे एक प्रकरण

"सर, दहा दिवस बागेचं पाणी तोडलं होतं. सगळे म्हणतात, तहानलेल्या मुळांनी पावसाचं पाणी एकदम ओढलं आणि मणी फुटले. पाणी तोडायलाच नको होतं का?" डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात बागलाण तालुक्यातील एका द्राक्षबागेत उभे असताना एका बागायतदाराने मला हा प्रश्न विचारला. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि परासरणाचा, म्हणजे पातळ पटलातून पाणी जास्त साखरेच्या बाजूला ओढले जाण्याचा, धडा दरवर्षी साखरेचे पाणी भरलेल्या बटाट्याच्या वाटीवर उरकतो. या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या वाटीत मावणारे नव्हते, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवून ठेवत आहे.

बागेची स्थिती

बाग थॉमसन सीडलेसची, वाय पद्धतीच्या सांगाड्यावरची, डॉगरिज खुंटावर कलम केलेली, आणि जमीन मध्यम काळी. हा आगाप प्लॉट ऑगस्टच्या मध्यावर छाटलेला असल्यामुळे डिसेंबर उजाडला तेव्हा मण्यांत पाणी उतरून, म्हणजे मणी मऊ पडून गोड होऊ लागून, बरेच दिवस झाले होते आणि गोडी १६ ब्रिक्सच्या (म्हणजे रसात साधारण १६ टक्के साखर) आसपास पोचली होती. काढणी तोंडावर आली की गोडी लवकर भरावी म्हणून पाणी कमी करण्याची रीत आहे, त्याप्रमाणे ठिबक बंद होते. १ डिसेंबरला राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस झाला. या बागेत तो दिवसभर आणि पुढची रात्रभर रिपरिप पडत राहिला, ऊन नव्हते आणि वाराही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी घडांत तडकलेले मणी दिसू लागले, संध्याकाळपर्यंत त्यांची संख्या वाढली आणि तिसऱ्या दिवशी फुटलेल्या मण्यांवर चिलटे घोंघावू लागली. आधी ठरलेला सौदा व्यापाऱ्याने अर्थातच मोडला.

मी पोचलो तेव्हा मजूर बायका लहान कात्रीने एकेका घडातून फुटके मणी काढत होत्या. त्यांच्या शेजारी बसून मी तासभर ते मणी पाहिले, आणि या प्रकरणाचा पहिला धागा तिथेच हाती लागला. बहुतेक भेगा देठाभोवती अर्धगोल पडलेल्या होत्या, म्हणजे जिथे देठ मण्याला चिकटतो त्या कड्यावर. काही भेगा मणी एकमेकांना टेकतात त्या जागी होत्या. पाणी मुळांतून आत शिरून मणी सगळीकडून सारखा फुगला असता, तर भेगांनी याच जागा का निवडाव्यात?

मण्याच्या आत किती ओढ असते

पाणी पेशीत का शिरते हे समजून घेण्यासाठी मण्याच्या आतली ओढ मोजावी लागते. १८७७ मध्ये विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने सच्छिद्र मातीच्या भांड्यात अर्धपारगम्य (पाणी जाऊ देणारे, पण साखर अडवणारे) पटल तयार करून उसाच्या साखरेच्या द्रावणाचा परासरण दाब मोजला. अवघ्या १ टक्का द्रावणाने पाऱ्याचा सुमारे ५३ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ पेलला. आजच्या मापात हा दाब सुमारे ०.७ बार होतो. मण्यातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपांत असते आणि त्यांचे रेणू उसाच्या साखरेच्या रेणूपेक्षा जवळपास निम्म्या वजनाचे असतात. त्यामुळे तेवढ्याच वजनात रेणूंची संख्या दुप्पट भरते आणि दाबही दुप्पट होतो, कारण परासरणात रेणू किती जड आहेत याला महत्त्व नसते, ते किती आहेत याला असते. या हिशेबाने १६ ब्रिक्सच्या मण्याचा दाब २२ बारच्या पुढे जातो, आणि आम्ले, पोटॅशियम आणि साखरेने अडवलेली पाण्याची जागा धरली तर तो २५ ते ३० बारमध्ये बसतो. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, एवढी तुलना पुरेशी आहे.

हे आकडे मी सांगितले तेव्हा बागायतदाराने जी शंका काढली ती माझ्या वर्गात आजवर कोणी काढलेली नाही: "मग मणी आधीच का फुटत नाही?" शंका रास्त आहे. वेलीच्या जलवाहिन्यांतल्या, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांतल्या, पाण्यात क्षार अगदी थोडे असतात, आणि ते पाणी एखाद्या पेशीला मनमुराद पिऊ दिले तर तिच्या भिंतीवर वीस-पंचवीस बार दाब येईल. पानांतल्या पेशी काही बार दाब आनंदाने सोसतात, कोवळ्या फांदीचा ताठपणा त्याच दाबावर उभा असतो. द्राक्षाचा मणी मात्र वेगळी वाट धरतो.

शेतकरी ज्याला पाणी उतरणे म्हणतात त्या अवस्थेत मणी बोटाने दाबला तर मऊ लागतो. याचा अर्थ, नाव पाणी उतरण्याचे असले तरी पेशींच्या आतला दाब त्या वेळी वाढत नाही, उलट तो झपाट्याने घटतो, आणि सूक्ष्म काचनळी पेशीत खुपसून तो मोजलेला आहे. साखर रसवाहिन्यांतून, म्हणजे पानांत तयार झालेले अन्न नेणाऱ्या नळ्यांतून, मण्यात येते, तेव्हा ती पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या रसाच्या पिशव्यांत) जमा होतेच, पण पेशींच्या बाहेर, भित्तिकांमधल्या फटींतही बरीच साठते. पेशीपटलाच्या दोन्ही बाजूंना गोड रस असल्यावर पाण्याला आत घुसण्याची घाई राहत नाही, कारण पाणी जास्त साखरेकडे धावते असे म्हणताना आपण दोन बाजूंमधला फरक मोजत असतो. फरक मिटला की ओढही मिटते. पटलात ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या खास मोऱ्या असतात आणि त्यांतून पाण्याचे रेणू एकामागून एक जातात. या मोरीचे प्रथिन पीटर ॲग्री यांनी १९९२ मध्ये माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत ओळखले आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण मोऱ्या कितीही असल्या तरी त्या उतार निर्माण करत नाहीत, असलेल्या उतारावरून पाणी लवकर जाऊ देतात इतकेच.

म्हणून पिकत आलेला मणी म्हणजे हजारो ताठ फुग्यांचा गुच्छ नसतो. तो गोड रसाची एक मोठी पिशवी असतो आणि त्या पिशवीची खरी भिंत साल असते. पेशींमधला फरक मिटला, तरी सालीच्या आत २५ बारची ओढ आणि सालीच्या बाहेर पावसाचे जवळपास शुद्ध पाणी, हा फरक तसाच राहतो. सारी भिस्त सालीवर येते.

दोन वाटा

पाण्याला मण्यापर्यंत यायला दोन वाटा आहेत. मुळांची वाट सर्वांना माहीत असते. मूलरोमांतून आत शिरलेले पाणी काही अंतर पेशीभित्तिकांमधून झिरपते, पण मुळाच्या आतल्या अंतःत्वचा नावाच्या थरापाशी भित्तिकांमधली कॅस्परी पट्टी ही जलरोधक पट्टी त्याला अडवते. तिथे त्याला एकदा तरी पेशीपटल ओलांडावेच लागते, आणि मगच ते जलवाहिन्यांत पोचते. दुपारच्या उन्हात पाने पाणी हवेत सोडत असतात तेव्हा या वाहिन्यांतले पाणी ताणलेल्या दोरीसारखे वर खेचले जाते. भरपूर पाणी मिळालेल्या वेलीच्या पानातही दुपारी हा ताण १० बारच्या आसपास असू शकतो.

मण्याच्या बाबतीत एक गोष्ट बराच काळ वादात होती. १९८० च्या दशकातल्या निरीक्षणांवरून असे मानले गेले की पाणी उतरण्याच्या वेळी मण्यातल्या जलवाहिन्या तुटतात आणि मुळांच्या पाण्याची वाट बंद होते. २००५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवले की त्या वाहिन्या शाबूत असतात, फक्त त्यांतून मण्याकडे पाणी ढकलणारा उतार उरलेला नसतो. रसवाहिन्या साखरेबरोबर पाणीही आणत असतात आणि त्यातले जास्तीचे पाणी जलवाहिन्यांतून उलट वेलीकडे परतू शकते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे पावसाळी रात्रीचे गणित बदलते.

एरवी मण्यातले पाणी दोन दारांनी बाहेर जाते. एक म्हणजे सालीतून होणारे बाष्पीभवन, आणि दुसरे म्हणजे उन्हातल्या पानांनी जलवाहिन्यांतून मागे खेचलेले पाणी. दिवसरात्र रिपरिप चालू असताना हवा पाण्याने भरून गेलेली असते, त्यामुळे पहिले दार बंद होते. पाने बाष्पोच्छ्वास करत नाहीत, त्यामुळे दुसरेही बंद होते. रसवाहिन्यांचे येणे मात्र थोडेफार चालूच राहते. शिवाय जमीन भिजलेली असल्यामुळे मुळांचा स्वतःचा दाब थोडा वाढतो. छाटणीनंतर काडीच्या कापलेल्या टोकातून थेंब गळतात ते याच दाबाने, आणि स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने तो द्राक्षवेलीवरच मोजून १७२७ मध्ये ग्रंथात मांडला. तो जेमतेम एक-दोन बार भरतो. म्हणजे मुळांची वाट या प्रकरणात पूर्ण निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. मण्यातून पाणी जाऊ न देण्यात तिचा हात आहे. प्रश्न एवढाच की, भेग तिने पाडली का?

दुसरी वाट सालीतून. मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर आणि त्याखालचे क्युटिन हे मेणासारखे अस्तर पाण्याला फार चांगले अडवतात. किती चांगले, हे बेदाणा करणाऱ्याला विचारावे. द्राक्षे तशीच वाळत घातली तर दिवसेंदिवस हिरवी राहतात, म्हणून लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल मिसळून त्यात ती बुडवतात. मेणाची रचना विस्कटली की पाणी झपाट्याने बाहेर पडते. हेच मेण जे बाहेर जाऊ देत नाही ते आतही येऊ देत नाही, पण त्यात दुबळ्या जागा असतात: देठाचे कडे, मण्याच्या टोकावरचा फुलाच्या अवशेषाचा ठिपका, घर्षणाने मेण पुसलेल्या जागा आणि मणी फुगताना ताणलेल्या सालीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा. साल बराच वेळ ओली राहिली तर या चिरा आणखी वाढतात.

बागेनेच दिलेला पुरावा

या बागेत एक सोय आपोआप झालेली होती. रस्त्याकडेच्या दोन ओळींवर बागायतदाराने प्रयोग म्हणून प्लास्टिकचे आच्छादन टाकले होते. आच्छादनावरून ओघळलेले पाणी ओळींच्या मधल्या सरीत पडत होते, आणि बोदाच्या (वेली लावलेल्या उंचवट्याच्या) कडेला कुदळ मारून पाहिली तेव्हा या ओळींची माती शेजारच्या उघड्या ओळींइतकीच ओली निघाली. छाटणी, खत, ठिबक, पाणी तोडल्याची तारीख, सारे एकच. मुळे तितकीच तहानलेली होती आणि तितकेच पाणी त्यांना मिळाले होते. तरीही आच्छादनाखाली फुटके मणी शोधावे लागत होते आणि शेजारच्या उघड्या ओळीत घडाला हात लावला की बोटे चिकट होत होती.

उघड्या ओळींमध्येही फरक होता. जिथे विरळणी नीट झाली होती तिथले घड सुटसुटीत होते आणि त्यांत नुकसान कमी होते. एका कोपऱ्यात मजुरांअभावी विरळणी राहून गेली होती. तिथले घड गच्च भरलेले होते, आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी त्यांच्या पोटात बोट घातले की ओल लागत होती. अशा घडात पाणी थेंबासारखे ओघळून जात नाही, मण्यांच्या सांध्यात पातळ पापुद्र्यासारखे धरून राहते.

घरी परतताना मी फुटलेले नसलेले काही मणी देठासकट घेऊन आलो आणि तीन वाट्या मांडल्या. पहिल्या वाटीत पावसाचे पाणी होते. दुसरीतही तेच, पण मण्यांच्या देठावर आणि कड्यावर मेणबत्तीचे मेण ओतून ती जागा बंद केलेली. तिसरीत साखरेचे पाणी. इथे पहिल्या खेपेला मी स्वतःच घोटाळा केला. ब्रिक्स मीटरवर १६ भरेल इतकी घरातली साखर घातली आणि सकाळी पाहतो तर त्या वाटीतलेही दोन मणी तडकलेले. वर फेफरच्या मोजणीच्या ओघात जे लिहिले आहे तेच मी विसरलो होतो. उसाच्या साखरेचे रेणू जड असल्यामुळे सारख्या ब्रिक्सच्या पाकात ते संख्येने निम्मेच भरतात, त्यामुळे मण्याची ओढ अजूनही वरचढ होती. दुसऱ्या खेपेला लिटरभर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम साखर घातली तेव्हा एकही मणी फुटला नाही. पहिल्या वाटीतले बरेच मणी रात्रीतून देठाशी अर्धगोल तडकले, हुबेहूब बागेतल्यासारखे. मेण लावलेल्या वाटीत मोजकेच फुटले, आणि तेही बहुतेक टोकाकडे.

या वाट्यांत मुळे नव्हती, वेल नव्हती, जमीन नव्हती. तरी बागेतली भेग जशीच्या तशी उमटली.

भेग पडते तो क्षण

आत शिरलेल्या पाण्याने सगळा मणी फुग्यासारखा फुगतो आणि मर्यादेपलीकडे जाऊन फुटतो, हे चित्र सोपे आहे, पण ते पुरेसे नाही, कारण भेग पडण्यापूर्वी मण्याचे वजन फारच थोडे वाढलेले असते. जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठात चेरीच्या फळांवर झालेल्या कामातून अधिक पटणारे चित्र पुढे आले. पाणी एका चिरेतून थेट आत शिरते आणि त्या जागेच्या मोजक्या पेशींना गाठते. त्या पेशी फुटतात. त्यांचा आम्ल रस शेजारच्या भित्तिकांत पसरतो, भित्तिकांमधले कॅल्शियम सुटते, त्या सुजतात आणि पेशीपेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन ढिले पडते. मग सालीवर आधीच असलेला ताण ती जागा उसवतो आणि उसवलेल्या टोकाशी पुढच्या पेशी तोच मार्ग धरतात. शिवणीचा एक टाका तुटावा आणि कापड ओढले की पुढचे टाके आपोआप सुटत जावेत, तसे. द्राक्षाची साल चेरीसारखीच वागते असे सरसकट म्हणता येणार नाही, पण देठाच्या कड्यापासून निघून अर्ध्या वर्तुळात धावलेल्या आमच्या भेगा याच चित्रात बसतात.

कॅल्शियमचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. पाऊस थांबल्यावर एका विक्रेत्याच्या सल्ल्याने या बागेवर कॅल्शियमची महागडी फवारणी झाली होती. कॅल्शियम भित्तिका घट्ट करते हे खरे आहे, पण वेलीत ते बाष्पोच्छ्वासाच्या ओघाबरोबर जलवाहिन्यांतून प्रवास करते, रसवाहिन्यांतून ते फारसे जात नाही. मण्यात ते पोचायचे तर मणी हिरवा आणि कडक असताना, जलवाहिन्यांचा ओघ चालू असताना पोचले पाहिजे. पाणी उतरलेल्या मण्यावर, तेही भेगा पडल्यानंतर, ते मारून पैसे गेले आणि साल मात्र पुन्हा एकदा ओली झाली.

निदान आणि त्यानंतर

पाणी तोडल्यामुळे मणी फुटले नाहीत, हे मी बागायतदाराला स्पष्ट सांगितले. त्याचा जीव थोडा हलका झाला असावा, कारण चार दिवस तो घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे बोल ऐकत होता. पाणी आले ते वरून, सालीच्या दुबळ्या जागांतून, आणि घड जितका वेळ ओला राहिला तितके जास्त आले. बाहेर पडण्याची दारे पावसाच्या काळात बंद असल्यामुळे आत आलेल्या पाण्याला उतार मिळाला नाही.

उरलेल्या बागेत लगेच करण्यासारखे एवढेच होते: पुन्हा सर आली तर पाऊस उघडताच तारा हलवून घडांतले पाणी झटकणे, औषध न भरता ब्लोअरचा नुसता वारा ओळींमधून फिरवणे, आणि फुटके मणी कुजून शेजारच्या मण्यांना लागण्याआधी कापून टाकणे. ठिबक किती बंद ठेवायचे याची चर्चा आम्ही मुद्दाम थांबवली. पाऊस उघडल्यावर आणि ऊन पडल्यावर पाने पुन्हा पाणी खेचू लागली, आणि नवे मणी तडकणे दोन दिवसांत थांबले.

एका गोष्टीने मात्र मला अडवले. आच्छादनाखालच्या ओळींत खालच्या टोकाला, जिथे शेताचे पाणी साचते, तिथे तीन-चार वेलींवर काही मणी फुटलेले होते. त्यांच्या भेगा देठाभोवती नव्हत्या, देठापासून टोकापर्यंत उभ्या गेलेल्या होत्या. या घडांवर पावसाचा थेंब पडलेला नव्हता, साल कोरडी होती, पण बोद दोन दिवस पाण्यात उभा होता. म्हणजे शेजाऱ्यांचे म्हणणे या तीन-चार वेलींपुरते बरोबर ठरते. बाहेरची दारे बंद, मुळांशी साचलेले पाणी आणि रसवाहिन्यांचे येणे चालू, एवढ्यावर इथला मणी आतून भरला असावा. भेगेचा आकार वेगळा आहे, कारण इथे दुबळी जागा भिजलेली नव्हती, ताण सगळ्या सालीवर सारखा होता. गोल मण्यापेक्षा लांबट मण्यावर असा ताण आडवा जास्त पडतो, म्हणून भेग उभी जाते.

बागायतदाराला हे दाखवले तेव्हा त्याने वाकून त्या वेलींच्या बुडाशी पाहिले, पायाने चिखल बाजूला केला आणि मजुराला हाक मारून सांगितले, "इथून बांधापर्यंत चर काढ. आजच."